फियाटच्या प्लॅस्टिकच्या काचा

नवीन जालना
१४ नोव्हेंबर १९९९

चि. रामकिसन,

आशीर्वाद लिहितो. घ्यायचा की नाही ते तू ठरव.

तुझा पत्ता मला सहा महिन्यांपासून माहीत आहे. निजामाबादच्या साखर कारखान्यातले जुने रोलर भंगारात निघाले होते, ते बघायला माझा माणूस गेल्ता. तो येऊन म्हणाला, "सेठ, तिथं वर्कशॉपला एक जालन्याचे फोरमन हायेत. मशीन चालू असताना नुसतं ऐकून सांगतेत, कोणतं बेअरिंग गेलं." मी म्हणलं, हे कान आमच्याच घरचे. नाव विचारायचं कामच पडलं नाही.

सहा महिने पत्र का लिहिलं नाही, तर पेन उचललं की दुकानात कोणीतरी यायचं. कोणी आलं नाही तर मीच कोणाला तरी हाक मारायचो.

आता लिहितोय ते तुझ्या वहिनीपायी. तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला. डाव्याचं तुला माहीत आहे. औरंगाबादचे डॉक्टर म्हणाले, संक्रांत झाली की ऑपरेशन करून टाका, घाबरायचं काही कारण नाही. दोन डोळे असणाऱ्याला कारण नसेल. हिच्याकडं एकच आहे. ती म्हणते, "आधी मला भावजींना बघू द्या. मंग कापा नाहीतर काय करायचं ते करा."

मी म्हणलं, "नंतर बघ की. नंतर जास्त चांगलं दिसल."

"अन् न्हाई दिसलं तर?"

मी पेन शोधायला उठलो. मोंढ्यात, भरल्या बाजारात, माझ्यासमोर भले भले गप्प होतात, ते तुला माहीत आहे.

ती लग्न होऊन आली तेव्हा तू सहा वर्षांचा होतास. तुला न्हाऊ घालताना तू नागडा गल्लीभर पळायचास आणि ती तांब्या घेऊन मागं. आम्हाला लेकरू झालं नाही, पण तू घरात होतास तोवर ते कधी जाणवलं नाही.

अजून एक. आपली डुक्कर फियाट मी शेडातून बाहेर काढली. चौदा वर्षं ताडपत्रीखाली होती. ताडपत्री ओढल्याबरोबर ते पुढं आलेलं नाकाड दिसलं आणि आमच्या नव्या हमालांना हसू आवरेना. "सेठ, याला डुक्कर म्हणतेत ते बराबर हाय." इंजिन तू बांधलेलं, दोन दिवसांत चालू झालं. आवाज अजून गोल आहे.

तुझी वहिनी त्या दिवसापासून काचेच्या गाडीत बसलेली नाही. रिक्षात बसते, कारण रिक्षाला बाजूला काच नसते. एसटीत आतल्या बाजूला, पदर तोंडावरून ओढून घेते. औरंगाबादपर्यंत काही रिक्षा नेता येत नाही, आणि डोळा कापल्यावर एसटीच्या गर्दीत आणता येत नाही. म्हणून मी ठरवलंय, फियाटच्या चारी दरवाजांच्या काचा काढायच्या आणि प्लॅस्टिकच्या बसवायच्या. दुकानांच्या पाट्यांना वापरतात ते जाड प्लॅस्टिक. फुटलं तरी काचेसारखं अंगावर उडत नाही म्हणतात.

संक्रांतीच्या आत ये. गाडी तूच चालव.

तुझा दादा,
रखमाजी


२ डिसेंबर १९९९

चि. रामकिसन,

तुझं कार्ड मिळालं. चौदा वर्षांनी भाऊ पत्र लिहितो आणि त्यात तीन शब्द. "वहिनीला सांगितलं का?" खाली सहीसुद्धा नाही. पोस्टमननं माझ्याआधी वाचलेलं. देताना विचारतो, "काय सांगायचं राह्यलं सेठ?" मी म्हणलं, "एका लग्नाची तारीख." तो हसून गेला. खोटं बोलायचं माझं कसब अजून शाबूत आहे.

कार्ड मी सदऱ्याच्या खिशात ठेवलं. जेवताना तिनं विचारलं, "भावजींचं काही आलं का?"

"आलं. कारखान्याचा गाळप हंगाम चालू आहे, सुट्टी मिळना म्हणतो."

"त्यांची पोरगी केवढी झाली म्हणतेत?"

"ते लिहिलं नाही."

"कामून? पोरीचं लिहायला काय हंगाम आडवा येतो?"

मी भाकरीत लक्ष घातलं.

रामकिसन, नाही सांगितलं. आता सांगायची वेळ तरी आहे का? डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनपर्यंत ब्लडप्रेशर वाढू देऊ नका, रडू देऊ नका. मी काही स्वतःच्या मनानं बोलत नाही, डॉक्टरांचं सांगतोय. तू आधी ये. ऑपरेशन होऊ दे. पट्टी सुटू दे. मग बसून बोलू, तिघं. माझा शब्द.

माझ्या शब्दाचं वजन तुझ्याकडं किती राहिलंय ते मला माहीत आहे. तरी लिहिला.

काचा काढायला सुरुवात केली. तीन काचा सहज निघाल्या. चौथ्या दरवाजात, मागच्या डाव्या, काढायला काही नव्हतंच.

दादा


१२ डिसेंबर १९९९

चि. रामकिसन,

तुझं दुसरं कार्ड आलं. तेच तीन शब्द. यावेळी पोस्टमननं ते उलटं करून माझ्या हातात दिलं.

प्लॅस्टिकसाठी बदरोद्दीनकडं गेल्तो. तुला आठवत असेल, जुन्या जालन्यात त्याचं फोटोफ्रेमचं दुकान होतं. आता तो पाट्या पण करतो. रोजा होता त्याचा, त्यामुळं मलाही चहा मागता आला नाही. मी पुठ्ठ्याचे चार नमुने कापून नेले होते. त्यानं ते काउंटरवर पसरले. तीन बघून बाजूला ठेवले. मागच्या डाव्या दरवाजाचा हातात घेतला आणि त्याच्या कडेवरून बोट फिरवलं.

म्हणाला, "ये नमूना मेरे पास पहले से है, सेठ."

मी हसून म्हणलं, "तुझी याददाश्त लई तेज."

"याददाश्त का क्या करना? मैं उसी वक्त बोला था ना. ये फोटो की कांच है, गाडी की नै. आप बोले, लगा दे."

मी बाकीचे नमुने गोळा करायला लागलो.

"भाभी कू बताये क्या?"

"नाही."

"नै? तो फिर ये प्लॅस्टिक लगा के क्या फायदा?"

रोजाच्या दिवशी माणूस जरा जास्तच खरं बोलतो. दर ईदेला त्याची बायको मैमूनाबी शिरखुर्मा पाठवते, तो तुझ्या वहिनीच्या हातात द्यायला तो स्वतः कधी येत नाही, पोराला पाठवतो. चौदा वर्षं. मी समजायचो धंद्यातून वेळ मिळत नसेल.

तुझं म्हणणं मी तिला सांगावं. ते आज होत नाही. पण निदान कागदावर तरी लिहितो, म्हणजे तुझ्याकडं माझ्या हातचं राहील.

ती गाडी आपण जिनिंगच्या मालकाच्या शेडातून उचलली, त्या साली तू पाच महिने तिच्याखाली झोपून होतास. सगळं जमलं, फक्त मागच्या डाव्या दरवाजाला काच नव्हती. तू मुंबईच्या दुकानाला लिहिलं, त्यांचं उत्तर आलं, महिना लागेल. आणि नागपंचमी आठ दिवसांवर.

तुझ्या वहिनीला तिचे भाऊ पंचमीला कधी न्यायला आले नाहीत. एकोणीस वर्षं. अंबडकडं त्यांच्या मोसंबीच्या बागा झाल्या, आणि बहीण मोंढ्यातल्या हमालाला दिलेली. बाकीच्या बायकांचे भाऊ यायचे, पिशव्या भरायच्या, आणि ही दारात बसून दुसऱ्यांच्या मेंदीला चांगलं म्हणायची. मी तोवर हमाल राहिलो नव्हतो. पोती वाहायची सोडून लोखंड घ्यायला लागलो होतो, गोदाम झालं होतं. मला त्या पंचमीला मोटारीतून तिला तिच्या गावात न्यायची होती. वेशीतून, सगळ्यांसमोर. आणि मोटारीला एका बाजूनं काच नाही, हे मला मेव्हण्यांना दाखवायचं नव्हतं.

बदरोद्दीननं काच कापली. तू हातात घेऊन म्हणालास, "दादा, ही लावू नको. गाडीची काच भट्टीतून काढलेली असते. ती फुटली तर तिचे मणी होतेत. ही फुटली तर सुरे होतील. त्यापेक्षा उघडी राहू दे."

मी काचेला टिचकी मारली. आयुष्यभर मी लोखंड वाजवून घेतलं, आवाजावरून चिरलेलं ओतीव बीड ओळखतो. ती काच कशी वाजली ते मला ऐकू आलं. पातळ, फुलपात्रासारखी. मला कळलं होतं, रामकिसन. हे मी कधी कोणाला बोललो नाही. अडाणी होतो म्हणून घडलं असं मी स्वतःला सांगत आलो, पण माझ्या कानांनी मला सांगितलं होतं. मी म्हणलं, "महिन्याभरात बदलू."

अंबडच्या रस्त्याला वळणावर वासे भरलेली बैलगाडी आली. तू बैलांना वाचवलंस. एका वाशाचं टोक मागच्या काचेला लागलं, बस. गाडीला ओरखडासुद्धा नाही. पण ती काच गेली. आणि ती तिकडंच तोंड करून बसली होती, माहेरचं शिवार बघत.

दवाखान्याच्या व्हरांड्यात तिचे भाऊ आले. एकोणीस वर्षांनी आले ते तिथं आले. मोठा मला म्हणाला, "हौस झाली का मोटारीची?" आणि मी तुझ्याकडं बोट करून सगळ्यांसमोर म्हणलं, "ह्यानं माझ्या बायकोचा डोळा घेतला. धड चालवता येत न्हाई तर बसला कशाला!"

तू तोंड उघडलंस. दाराच्या आत तिची खाट होती. डोळ्यांवर पट्टी, कान उघडे. तू आत बघितलंस आणि तोंड मिटलंस.

चौथ्या दिवशी तू ट्रंक घेऊन गेलास. तिला तेव्हापासून हेच माहीत आहे, की लेकराच्या हातून चूक झाली. ती म्हणते पण तसंच. "लेकराच्या हातून झालं, जाऊ द्या."

हे सगळं मी आज पहिल्यांदा लिहिलं. लिहून थकलो. पाकीट मीच पोस्टात टाकीन, दुकानातल्या माणसाकडं देणार नाही.

दादा


२८ डिसेंबर १९९९

चि. रामकिसन,

तुझं उत्तर नाही. मागच्या पत्रानंतर मला वाटलं होतं की येशील. सगळं लिहून दिलं, अजून काय पाहिजे, असं मनात आलं. मग कळलं, तुला लिहून दिलं म्हणजे तुला माहीत होतं तेच तुला परत कळवलं.

काचांचं सांगतो. प्लॅस्टिक दोन्ही बाजूंनी कागद चिकटवलेलं येतं. आरीनं कापायला गेलो तर गरम होऊन वितळतं आणि मागच्या मागं परत चिकटतं. कापलेलं तुकडा होऊन पडतच नाही, हट्टी पोरासारखं धरून बसतं. शेवटी बदरोद्दीननं पाट्यांच्या पात्यानं रेघ ओढून ओढून मोडलं. दोन तुकडे भोक पाडताना तडकले. काच सरकते त्या चॅनेलमध्ये नवा लोकरी नमदा घातला. हँडल फिरवलं तर काच झटक्यात वर, वजनच नाही तिला. तुला हसू आलं असतं.

कागद काढल्यावर गोंदाचे डाग राहिले. बदरोद्दीन नमाजाला गेल्ता. मी म्हणलं, एवढं काय, आणि कापूस घेऊन पेट्रोलनं पुसून काढलं. आयुष्यभर आपण सगळं पेट्रोलनंच पुसलं. डाग गेले. तासाभरानं बघतो तर चारी काचांवर बारीक जाळं. कोळ्यानं विणल्यासारखं, आणि खाली दुधासारखा धूर. बदरोद्दीननं आल्यावर कपाळाला हात लावला. "पेट्रोल? साबून का पानी नै मिला?" दुसरे तुकडे मागवायचे तर माल हैद्राबादहून येणार, संक्रांतीच्या नंतर. मी म्हणलं, राहू दे. दिसतंय की आरपार.

हे लिहिताना माझ्या लक्षात आलं, की मी परत तेच म्हणालो.

तुझ्या वहिनीला गाडी दाखवायला अंगणात आणली. तिनं दरवाजाला हात लावला, मग बोटानं काच वाजवली. ठप्प. प्लॅस्टिकला आवाज नाही. माझ्यासारख्या वाजवून घेणाऱ्याला ते सोसत नाही, ते मुकं आहे.

ती म्हणाली, "चारी बदलल्या?"

"चारी."

"अन् पुढची?"

"पुढची वेगळी असती, दुहेरी. फुटली तरी चिकटून राहती. तू मागं बसशील."

ती काचेवरून हात फिरवत राहिली. म्हणाली, "एवढ्या मोटारी रस्त्यानं ठोकतेत. पेपरात रोज येतंय. हात मोडतेत, पाय मोडतेत. काचेनं डोळा गेलेलं माणूस मी दुसरं न्हाई बघितलं. माझंच नशीब कसं म्हणावं."

मी म्हणलं, "चहा टाक."

ती म्हणाली, "टाकते. पण तुम्ही प्रत्येक वेळी ह्या गोष्टीला चहाच कामून मागता?"

दादा


११ जानेवारी २०००

रामकिसन,

सांगितलं.

कसं झालं ते लिहितो, कारण ठरवून झालं नाही. ठरवलं असतं तर झालं नसतं.

परवा ईदेचा शिरखुर्मा घेऊन बदरोद्दीन स्वतः आला. पहिल्यांदाच. दारात उभा राहिला, तिनं डबा घेतला, "भाभी, आंख कैसी है?" एवढं विचारून खाली मान घालून गेला. ती म्हणाली, "ह्याला काय झालं? गुन्हा केल्यासारखा उभा व्हता." मी म्हणलं, चल, आज गाडीत एक चक्कर मारू. बदनापूरपर्यंत जाऊ, चहा पिऊ. औरंगाबादला जायच्या आधी सवय होईल. ती तयार झाली. नवं लुगडं नेसली. गाडीत बसताना तिनं माझा हात इतका गच्च धरला की अंगठी रुतली.

एमआयडीसीच्या पुढं गेलो, दोन्ही बाजूला शेतं लागली. मी बोलत होतो. हरभरा चांगला आहे, ती ज्वारी बघ. आरशात बघितलं तर ती काचेला नाक लावून बसलेली, आणि तोंड पांढरं पडलेलं.

"अहो," ती म्हणाली, "मला काही दिसंना."

"काय?"

"सगळं धूर धूर दिसतंय. सकाळी एवढं नव्हतं. सकाळी मला तुळस दिसली. अहो, गेला का हा बी? रस्त्यातच गेला का?"

मी गाडी बाजूला घेतली. कशी घेतली ते आठवत नाही. मागं जाऊन दरवाजा उघडला तर ती हात पुढं करून मला चाचपडायला लागली. जसं तेव्हा केलं होतं, रक्तानं दोन्ही डोळे भरले होते तेव्हा. मग मला कळलं. मी हँडल फिरवून काच खाली केली.

"आता बघ."

तिनं बघितलं. डोळा बारीक केला, उघडला. "ज्वारी हाय," म्हणाली. "ती लिंबाखाली शेळी हाय. पांढरी."

"तुझा डोळा चांगला हाय. काच धुरकट झाली. मी पेट्रोलनं पुसली म्हणून झाली."

ती हसायला लागली. रडत रडत हसली. "जीव घेतला व्हता तुम्ही माझा. अहो, मंग कशाला बसवलं हे? साधी काच काय वाईट व्हती? सगळं जग काचेच्या मोटारीतून फिरतंय."

मी म्हणलं, "ती साधी काचच होती, कांता."

"म्हंजी?"

मी रस्त्याच्या कडेला, तिच्या पायापाशी दरवाजात बसलो आणि सांगितलं. फोटोची काच. पंचमी. माझी टिचकी. व्हरांडा. ट्रक जायचे तेव्हा थांबायचो, गेले की पुढं. एक ट्रकवाला थांबून विचारून गेला, "काका, पंचर हाय का?" मी म्हणलं, नाही.

सगळं झाल्यावर तिनं विचारलं.

"भावजींना माहीत व्हतं?"

"हो."

"कधीपासून?"

"काच बसवायच्या आधीपासून. सुरे होतील म्हणाला होता."

"अन् तरी बोलले न्हाई."

"तू आत खाटेवर होतीस. ऐकशील म्हणून बोलला नाही. मला कळलं तेव्हाच. मी कळून घेतलं नाही."

ती शेळीकडं बघत बसली. मग म्हणाली, "घरी चला. काचा सगळ्या खाली करा. मला बाहेर बघायचंय."

थंडी होती. वारं सगळं तिच्या तोंडावर येत होतं. मी दोनदा म्हणलं, वर करू का? ती हँडल धरून बसली. घरी येऊन तिनं स्वयंपाक केला, मला वाढलं, आणि दुसऱ्या खोलीत जाऊन पडली.

तुझ्या कार्डाचं उत्तर झालं आता. तू यावंस म्हणून हे लिहीत नाही. यायचं-न यायचं मी सांगू नये एवढं मला कळतं.

रखमाजी


१९ जानेवारी २०००

रामकिसन,

हे पत्र पोस्टानं येणार नाही. तुझ्या वहिनीच्या पिशवीतून येईल. पाकीट चिकटवलेलं नाही.

पाच दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. पाणी आलं का, गॅसवाला आला का. मी घरी लवकर यायला लागलो, ती म्हणाली, "दुकानात काम न्हाई का?" मग उशिरा यायला लागलो. संक्रांतीला तिळगूळ दिला तिनं, पण जे म्हणायचं असतं ते म्हणाली नाही. हातावर ठेवला आणि आत गेली.

सहाव्या दिवशी समोर येऊन बसली. शांत होती. म्हणाली, "डोळ्याचं मी तुम्हाला काही बोलणार न्हाई. तो गेला, त्याच्याशिवाय जगायची सवय झाली. मला दुसरंच सांगायचंय. मी चौदा वर्षं भावजीला माफ करत राह्यले. रोज. दिवा लावला की म्हणायचे, देवा, लेकराच्या हातून झालं, त्याच्या मनाला लागू देऊ नको. ज्याची चूक न्हाई त्याला रोज माफ केलं मी. मोठ्या मनाची म्हणून मिरवले. अन् तुम्ही शेजारी बसून ऐकत व्हता. तुमचे कान तर लई तेज हायेत."

रामकिसन, मला आजवर लोक खूप बोललेत. मोंढ्यात मुकादम बोलले, मेव्हणे बोलले, वजनात मारलं म्हणून मिलवाले बोलले. सगळ्यांना मी हसून परतवलं.

तिला म्हणलं, "चुकलं माझं."

ती म्हणाली, "ते मला कामून सांगता? मला तुम्ही गाडीत सांगितलं. भावजींना सांगा."

मग तिनं ठरवलेलं सांगितलं. ती तुझ्याकडं येतेय. ऑपरेशन औरंगाबादला नाही, निजामाबादला करणार. तिथं डोळ्याचा दवाखाना आहे का हे बदरोद्दीनच्या तिथल्याच मेव्हण्याला फोन करून तिनंच विचारून घेतलं, मला न सांगता. मी म्हणलं, इथली तारीख ठरलेली आहे, ओळखीचे डॉक्टर आहेत. ती म्हणाली, "पट्टी सोडल्यावर पैलं कोण दिसावं ते मी ठरवणार."

बदरोद्दीन आणि मैमूनाबी सोबत येत आहेत. त्यानं स्वतःहून विचारलं. तिला त्याचं पण कळलं आहे, आणि तिनं त्याला एवढंच म्हणलं, "भाईजान, तुम्ही तर बोलले व्हते ना. मंग तुम्ही कशाला तोंड लपवलं?" म्हातारा ओट्यावर बसून रडला. त्याला सुटका मिळाली. मला त्याचा हेवा वाटला, हे खरं ते लिहितो.

मी पण येऊ का म्हणून विचारलं. "नको." स्टेशनपर्यंत? "बॅग जड हाय, डब्यात ठेवून द्या. मंग फलाटावर उभं राहू नका, मला चांगलं दिसत न्हाई, उगं हात हालवत बसाल." किती दिवस राहणार, ते तिनं सांगितलं नाही. मी एकदा विचारलं, परत विचारलं नाही.

तुला जे सांगायला तिनं सांगितलं ते आता सांगतो. त्या दिवशी व्हरांड्यात मी जे म्हणलं ते खोटं होतं. गाडी तू नीट चालवत होतास. डोळा माझ्या हट्टानं गेला आणि आळ मी तुझ्यावर घातला, चारचौघांत, मेव्हण्यांसमोर माझी मान खाली जाऊ नये म्हणून. तू तोंड मिटलंस ते तिच्यासाठी, आणि मी त्याचा चौदा वर्षं फायदा घेतला. तिच्या भावांना मी काल अंबडकडं जाऊन हेच सांगून आलो. मोठा उठून बागेत गेला. धाकट्यानं दार लावून घेतलं. बरोबर केलं.

तिला औषधाचे थेंब दिवसातून तीनदा घालायचे असतात, ती दुपारचे विसरते. जेवणात मीठ कमी. रात्री उठली तर दिवा लाव, ती हाक मारणार नाही, भिंतीला धरून जाईल. तुझ्या बायकोला माझा नमस्कार, पोरीला आशीर्वाद. पोरीचं नाव मला माहीत नाही.

बारीक अक्षर तिला आता वाचता येत नाही. पत्रात काय लिहिलं ते मी तिला सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. पाकीट घेताना एवढंच म्हणाली, "भावजी वाचून दाखवतील." म्हणून काही वगळलं नाही. तू हे मोठ्यानं वाचत असशील, ती शेजारी बसली असेल, आणि मी ऐकायला तिथं नसेन.

तर रामकिसन, इथपर्यंत वाचून झालं की थांब. तिच्याकडं बघ. ती काय म्हणते ते एका कार्डावर लिहून पाठव, तिच्याच शब्दांत, तू त्यात काही गोड करू नको. आणि काहीच म्हणाली नाही, तर तसं लिही.

रखमाजी